बडबडगीतांचे ‘गूढार्थ’ : एक ऐतिहासिक शोध

बडबडगीत या शब्दातच त्या रचनेची व्याख्या सामावलेली आहे. जी बडबड आहे आणि तरीही गीत आहे, ते बडबडगीत. त्याला ताल हवा, यमक हवे, जिभेवर घोळवावासा वाटेल असा एखादा गमतीदार शब्द हवा. अर्थ असला तर असावा. नसला तरी कोणाचे काही अडत नाही. मूल ते गाते, टाळी देते, गिरकी घेते, धपकन खाली बसते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. ह्या गाण्याचा अर्थ काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. तो पडतो आपणा मोठ्यांना.

आपल्या समाजात बालगीतांचे दोन प्रवाह फार दिवसांपासून शेजारी शेजारी वाहत आले आहेत. एक आजीच्या मांडीवरचा, बोलीतला. दुसरा इंग्रजी शाळांच्या बालवर्गातून घरी आलेला. ह्या दुसऱ्या प्रवाहाबरोबर त्या गाण्यांविषयीच्या कथाही आल्या. रिंगण धरून खाली पडण्याचे गाणे म्हणजे प्लेगच्या साथीची आठवण, बागेतल्या हट्टी मेरीचे गाणे म्हणजे एका राणीवरची टीका, असे आपण ऐकतो आणि दुसऱ्याला सांगतो. नाताळ जवळ आला की आणखी एक कथा आमच्या वाचनात हमखास येते. ‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ हे भेटवस्तूंची लांबच लांब यादी सांगणारे गाणे इंग्लंडमधील छळ सोसणाऱ्या कॅथलिकांनी आपल्या मुलांसाठी रचलेले गुप्त धर्मशिक्षण होते, असे त्या कथेत सांगितलेले असते. कथा हृद्य आहे. आपल्या श्रद्धेचा तिच्यात गौरव आहे. म्हणूनच ती खरी आहे की नाही, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम ही गाणी छापील स्वरूपात केव्हा आली ते पाहू. इंग्लंडमधील बालगीतांचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना महत्त्वाचा संग्रह ‘टॉमी थंब्ज प्रिटी साँग बुक’ हा होय. तो १७४४ मध्ये लंडन येथे मेरी कूपर ह्या प्रकाशिकेने काढला. पुस्तक मुलाच्या मुठीत मावेल एवढे, जेमतेम तीन इंच उंचीचे. त्याचा दुसरा भाग तेवढा आज उपलब्ध आहे. काळ्या मेंढीचे गाणे, लंडनच्या पडक्या पुलाचे गाणे आणि हट्टी मेरीचे गाणे ही सगळी त्या चिमुकल्या पुस्तकात आहेत. त्याच शतकाच्या उत्तरार्धात जॉन न्यूबेरी ह्यांच्या प्रकाशनसंस्थेशी संबंधित असा ‘मदर गूजेस मेलडी’ हा संग्रह आला. त्याची एक गंमत आमच्या विषयाला फार जवळची आहे. प्रत्येक वेडगळ गाण्याखाली संपादकाने गंभीर मुद्रेने एखादे नीतिवचन किंवा विद्वत्तापूर्ण टीप जोडली आहे. ह्या टीपा म्हणजे उघड थट्टा होती. निरर्थक गाण्यांत गहन अर्थ शोधणाऱ्या पंडितांची खोड त्या विनोदी संपादकाने दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच ओळखली होती.

मुलांच्या तोंडी केवळ उपदेश असावा, असे मानणारेही त्या काळी पुष्कळ होते. आयझॅक वॉट्स ह्या स्तोत्रकाराने १७१५ मध्ये मुलांसाठी बोधपर पद्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. ते पुढे दीडशे वर्षे इंग्रज मुलांकडून पाठ करून घेतले जात होते. १८६५ मध्ये लुईस कॅरोल ह्यांनी ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टीत त्यांपैकी एका पद्याचे विडंबन केले आणि उद्योगी मधमाशीच्या जागी एक लबाड सुसर आणून बसवली. वॉट्स ह्यांची मधमाशी आज अभ्यासकांपुरती उरली आहे. सुसर मात्र मुलांना अजून हसवते आहे. उपदेश वाईट होता असे नव्हे. पण मुलाला वाढण्यासाठी केवळ उपदेश पुरत नाही, एवढे ह्यावरून दिसते.

आता गूढार्थ शोधणाऱ्यांकडे वळू. त्यांच्यातील सर्वांत विलक्षण गृहस्थ म्हणजे जॉन बेलेंडन केर. हे वनस्पतिशास्त्राचे चांगले जाणकार होते. १८३४ मध्ये त्यांनी इंग्रजी म्हणी व बालगीते ह्यांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला आणि पुढील काही वर्षांत तो वाढवत नेला. त्यांचा सिद्धांत असा, की ही गाणी मुळात इंग्रजी नव्हतीच. ती डच भाषेच्या एका प्राचीन रूपात रचली गेली आणि पुढे इंग्रजांच्या कानी पडून त्यांचे निरर्थक शब्द झाले. हे प्राचीन रूप केर ह्यांनी स्वतःच्या कल्पनेने घडवले होते. त्या घडीव भाषेत गाणी ‘वाचली’ असता प्रत्येकातून काय निघावे? कॅथलिक धर्मगुरूंच्या लोभाविरुद्ध व जुलमाविरुद्ध लोकांची गाऱ्हाणी! म्हणजे बालगीतांच्या पोटात धर्म लपलेला आहे ही कल्पना आली तीच मुळी आपल्या धर्मगुरूंच्या विरोधात. केर ह्यांना जे ऐकायचे होते तेच त्यांनी त्या गाण्यांकडून वदवून घेतले.

त्यानंतर गाण्यांतील पात्रांना ऐतिहासिक व्यक्तींची नावे देण्याची लाट आली. कॅथरीन एल्व्हेस थॉमस ह्या लेखिकेने १९३० मध्ये एक संपूर्ण ग्रंथच ह्या विषयावर लिहिला आणि ट्यूडर व स्ट्युअर्ट राजघराण्यांतील माणसे बालगीतांत आणून बसवली. हट्टी मेरीच्या गाण्याचे उदाहरण बोलके आहे. त्यातील घंटा म्हणजे मिस्साच्या वेळची घंटा, शिंपले म्हणजे संत याकोबाच्या समाधीच्या यात्रेकरूंची खूण आणि ओळीने उभ्या असलेल्या मुली म्हणजे धर्मभगिनी, असा अर्थ लावला जातो. एवढे झाल्यावर एक पक्ष म्हणतो, हे गाणे कॅथलिक धर्म इंग्लंडात परत आल्याबद्दलचा शोक आहे. दुसरा पक्ष म्हणतो, नव्हे, तो धर्म नाहीसा केला गेल्याबद्दलचा शोक आहे. मेरी ट्यूडर १५५८ मध्ये वारली. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद १५८७ मध्ये झाला. आणि गाणे प्रथम आढळते ते १७४४ च्या सुमारास. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत त्याचा मागमूस नाही. ज्या पुराव्यावरून परस्परविरुद्ध दोन्ही निष्कर्ष सारख्याच सहजतेने निघतात, तो पुरावाच नव्हे.

प्लेगच्या कथेची गतही हीच. लंडनमधील मोठी साथ १६६५ ची. त्या साथीचे वर्णन सॅम्युअल पेपिस ह्यांच्या रोजनिशीत आहे, डॅनियल डीफो ह्यांच्या १७२२ च्या पुस्तकात आहे. रिंगणाच्या गाण्याचा उल्लेख कोठेही नाही. इंग्लंडमध्ये ते गाणे छापून आले ते १८८१ मध्ये, केट ग्रीनवे ह्यांच्या सचित्र पुस्तकात. म्हणजे साथीनंतर दोनशे सोळा वर्षांनी. ज्या शिंकेला रोगाचे लक्षण म्हणून पुढे केले जाते, ती शिंक त्या छापील पाठात नाहीच. तेथे नुसता गप्प राहा असे सुचवणारा उद्गार आहे. आपल्याकडील मुलेही त्या जागी शिंकत नाहीत. ती एक अर्थहीन जोडशब्द उच्चारतात आणि खाली बसतात. कित्येक पाठांत तर शेवटी पडणे नसून नम्रपणे लवणे आहे. प्लेगचा अर्थ प्रचलित झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. मृत्यूचे तांडव नुकतेच पाहिलेल्या पिढीला मुलांच्या खेळातही मृत्यू दिसू लागला असेल, तर त्यात नवल नाही. पण ते त्या पिढीच्या मनाचे चित्र झाले, गाण्याचा इतिहास नव्हे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘बारा दिवसां’चे गाणे सुमारे १७८० मध्ये लंडनला ‘मर्थ विदाउट मिस्चिफ’ नावाच्या बालपुस्तकात प्रथम छापले गेले. तो स्मरणशक्तीचा खेळ होता. प्रत्येक कडव्यात एक भेट वाढते आणि मागील सर्व भेटी उलट क्रमाने म्हणाव्या लागतात. जो अडखळला त्याने काहीतरी दंड द्यायचा. हे गाणे म्हणजे सांकेतिक धर्मशिक्षण होय, ही कल्पना मात्र १९७९ मध्ये कॅनडातील एका लेखकाच्या लेखातून पुढे आली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत जगभर पसरली. तिच्यानुसार झाडावरचा तित्तिर पक्षी म्हणजे ख्रिस्त, दोन पारवे म्हणजे जुना व नवा करार, चार पक्षी म्हणजे चार शुभवर्तमाने, नऊ नर्तकी म्हणजे पवित्र आत्म्याची नऊ फळे, दहा उमराव म्हणजे दहा आज्ञा, अकरा पावेवाले म्हणजे विश्वासू राहिलेले अकरा प्रेषित आणि बारा ढोलकरी म्हणजे प्रेषितांच्या श्रद्धांगीकारातील बारा विधाने.

ह्या मांडणीवर तीन आक्षेप येतात आणि आमच्या मते ते निर्णायक आहेत.

पहिला आक्षेप पाठाचा. १७८० च्या पाठात नऊ ढोलकरी, दहा पावेवाले, अकरा नर्तकी आणि बारा उमराव आहेत. आज गाइला जाणारा क्रम इंग्रज संगीतकार फ्रेडरिक ऑस्टिन ह्यांनी १९०९ मध्ये रूढ केला. चौथ्या दिवसाचे पक्षीही जुन्या पाठात काळे, कोळशाच्या रंगाचे पक्षी आहेत; त्यांचे ‘साद घालणारे पक्षी’ झाले ते ऑस्टिन ह्यांच्याच पाठात. साद घालतात म्हणून ते शुभवर्तमानकार, असे म्हणणारा मनुष्य सोळाव्या शतकातील कॅथलिकांच्या पदरी विसाव्या शतकातील शब्द बांधतो आहे.

दुसरा आक्षेप सिद्धांताचा. जुना व नवा करार, दहा आज्ञा, चार शुभवर्तमाने, प्रेषितांचा श्रद्धांगीकार ह्यांत लपवण्यासारखे होते तरी काय? ह्या सर्व गोष्टी अँग्लिकन चर्चमध्येही उघडपणे शिकवल्या जात होत्या. ज्या गोष्टींवरून माणसांचे प्राण गेले, त्या म्हणजे पोपचा अधिकार, मिस्सा आणि पवित्र भाकरीतील ख्रिस्ताचे खरेखुरे सान्निध्य. ह्यांतील एकही गोष्ट त्या यादीत नाही. शिवाय पवित्र आत्म्याची फळे व्हल्गेट ह्या लॅटिन बायबलच्या आधारे कॅथलिक धर्मशिक्षणात बारा शिकवली जातात, नऊ नव्हेत. छळाच्या काळातील कॅथलिक आईने आपल्या मुलाला नऊ फळे शिकवली असती, असे मानणे कठीण आहे.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. त्या काळातील एखादे पत्र, एखादा कबुलीजबाब, एखादा प्रतिकूल अहवाल, ज्यात ह्या गाण्याचा असा उपयोग झाल्याचे म्हटले आहे, तो ह्या कथेच्या पुरस्कर्त्यांनी दाखवलेला नाही. राणी एलिझाबेथच्या हेरांनी कॅथलिकांच्या घरांतील जपमाळाही सोडल्या नव्हत्या. असे गाणे असते तर त्याचा पत्ता त्यांना लागला नसता काय?

ह्यावर कोणी म्हणेल, खोटे असले तरी त्यात वाईट काय? श्रद्धा वाढवणारी एक गोड कथा आहे, असू द्या. आम्हांस हे मान्य नाही. कारण ह्या गोड कथेच्या आड जो खरा इतिहास झाकला जातो तो कितीतरी मोठा आहे. १५५९ च्या कायद्यांनी इंग्लंडात मिस्सा बेकायदेशीर ठरली. १५८५ च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेऊन आलेला धर्मगुरू केवळ देशात सापडला तरी राजद्रोही ठरू लागला. त्या काळातही मुलांना धर्मशिक्षण मिळत होते. लॉरेन्स व्हॉक्स ह्या धर्मगुरूने इंग्रजी भाषेत धर्मशिक्षणाचे पुस्तक लिहिले. ते १५६७ मध्ये लूव्हाँ येथे छापले गेले आणि चोरून इंग्लंडात नेले गेले. व्हॉक्स स्वतः १५८५ मध्ये लंडनच्या तुरुंगात वारला. यॉर्कची मार्गरेट क्लिदरो हिने धर्मगुरूंना आसरा दिला म्हणून १५८६ मध्ये तिला वजनाखाली चिरडून मारण्यात आले. निकोलस ओवेन ह्या सुताराने घरोघरच्या भिंतींत व जिन्यांखाली धर्मगुरूंसाठी लपण्याच्या जागा बांधल्या आणि १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसत प्राण सोडला. एकाही जागेचा पत्ता त्याने दिला नाही. ह्या दोघांना पोप पॉल सहावे ह्यांनी २५ ऑक्टोबर १९७० रोजी संतपद बहाल केले. ह्या माणसांना तित्तिर आणि पारव्यांच्या आधाराची गरज नाही.

ह्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. फादर थॉमस स्टीफन्स हे त्याच एलिझाबेथकालीन इंग्लंडचे सुपुत्र. त्यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड ह्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे श्रद्धेपायी तुरुंगात गेली. स्टीफन्स देश सोडून रोमला गेले, येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. छळाच्या छायेतून आलेल्या ह्या इंग्रज कॅथलिकाला धर्मशिक्षण पद्यात आणावेसे वाटले, तेव्हा त्याने काय केले? १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’कडे पाहावे. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतचे कथन उघड, क्रमवार आणि रसाळ. धर्मशिक्षण गाण्यात आणायचे झाले तर ते असे आणले जाते. शिकवणारा आपला अर्थ लपवत नाही, तो शंभर वेळा उजळून सांगतो. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या पोथीतही एकापासून तेरापर्यंत मोजत जाणारे एक गाणे आहे. त्यातील प्रत्येक अंकाचा धार्मिक अर्थ गाण्यातच स्पष्ट सांगितलेला आहे.

मग बडबडगीतांत काहीच नाही काय? आहे, पण ते वेगळे आहे. ह्या विषयाचे सर्वांत विश्वासार्ह अभ्यासक आयोना व पीटर ओपी ह्या दांपत्याने १९५१ मध्ये पाचशेहून अधिक बालगीतांचा कोश सिद्ध केला. प्रत्येक गीताची सर्वांत जुनी नोंद कोणती, एवढाच प्रश्न ते आग्रहाने विचारत राहिले आणि बहुतेक गूढार्थ तेवढ्यानेच गळून पडले. पुढे १९५९ मध्ये त्यांनी सुमारे पाच हजार शाळकरी मुलांकडून मिळवलेली गाणी व खेळ प्रसिद्ध केले. त्यात असे आढळले, की शाळेच्या पटांगणातील गाणी मुले मोठ्यांकडून शिकत नाहीत. आठ वर्षांचे मूल ती सहा वर्षांच्या मुलाला देते आणि दोन-तीन वर्षांत स्वतः विसरून जाते. एवढ्या वेगाने हात बदलूनही काही गाणी शतकानुशतके टिकली, ती त्यांच्यातील संदेशामुळे नव्हे. ताल पायांना पटतो, यमक पुढचा शब्द आठवून देते आणि वेडगळ शब्द उच्चारताना हसू फुटते, म्हणून ती टिकली.

ह्या वेडगळपणाची चव मुंबईनेही चाखली आहे. १८४६ मध्ये ‘बुक ऑफ नॉन्सेन्स’ लिहिणारे एडवर्ड लिअर नोव्हेंबर १८७३ मध्ये मुंबई बंदरात उतरले. हिंदुस्थानात कानी पडलेल्या शब्दांतून त्यांनी ‘कमरबंद’ नावाची कविता रचली आणि ती १८७४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली. तीत नायिका एका धोब्यावर बसून सायंतारा पाहते, पंखे तिची स्तुती करीत जवळून जातात, पाण्यात सोनेरी कल्ल्यांचे चपराशी पोहतात आणि अखेर एक भयंकर कमरबंद येऊन तिला गिळून टाकतो. शब्दांचे अर्थ ठाऊक नसलेल्या इंग्रज वाचकाला ती भीतिदायक वाटावी. आपल्याला अर्थ ठाऊक आहेत म्हणूनच हसू आवरत नाही. येथे गूढ काही नाही. शब्द अर्थाच्या ओझ्यातून मोकळा झाला म्हणजे कसा नाचतो, ते मात्र दिसते.

खुद्द शुभवर्तमानातही मुलांचे असे एक गाणे आले आहे. संत मत्तयच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू बाजारात बसलेल्या मुलांचा दाखला देतो. पावा वाजवला तरी सवंगडी नाचले नाहीत, शोक केला तरी रडले नाहीत, अशी ती मुलांची तक्रार. ती मुले लग्न आणि अंत्ययात्रा खेळत होती; त्यांच्या खेळात कोणताही धर्मसिद्धांत दडलेला नव्हता. बोध प्रभूने काढला, आणि तो मोठ्यांसाठी काढला.

संत ऑगस्टीन ह्यांची साक्ष तर आणखी सूक्ष्म आहे. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत ते व्याकूळ होऊन बसले असता शेजारच्या घरातून एका मुलाचा, किंवा मुलीचा, गाता आवाज त्यांच्या कानी आला. उचलून वाचण्यास सांगणारे शब्द पुन्हा पुन्हा येत होते. ‘कन्फेशन्स’मध्ये ते सांगतात, की प्रथम त्यांनी विचार केला तो असा : कोणत्या खेळात मुले असे काही गातात काय? तसे गाणे ऐकल्याचे त्यांना आठवेना, आणि मगच त्यांनी पौलाचे पत्र उघडले. त्या आवाजातून आपल्याला देवाची हाक ऐकू आली असे ते म्हणतात. पण त्या मुलाने हाक गाण्यात लपवून ठेवली होती, असे ते कधीच म्हणत नाहीत. ऐकणाऱ्याला लाभलेला अर्थ आणि गाणाऱ्याचा हेतू ह्यांतील हे अंतर एवढ्या भावनावेगातही त्यांनी राखले.

हेच अंतर आपणही राखावे, असे आम्हांस वाटते. येत्या नाताळात मुलांनी बारा दिवसांचे गाणे अवश्य गावे, अडखळावे, दंड भरावा आणि हसावे. धर्मशिक्षणाच्या वर्गात मात्र त्यांना ओवेनची व क्लिदरोची कथा सांगावी. आणि आणखी एक काम आपल्या हातचे आहे. वसईपासून गोव्यापर्यंत आपल्या बोलींतील बडबडगीते अजून काही वृद्ध स्त्रियांच्या ओठांवर आहेत. ती टिपून घेताना त्यांना अर्थ चिकटवण्याची घाई करू नये. शब्द जसे ऐकू आले तसे लिहावेत. कोणी म्हटले, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी आणि कोणत्या खेळाबरोबर, एवढे त्याखाली नोंदवावे. अर्थ शोधणारे पुढे पुष्कळ येतील. शब्द सांगणाऱ्या आजी मात्र वर्षागणिक कमी होत आहेत.